वापरलेली एक्स-वन की दिल्लीची क्यू-थ्री? आधी फाइल मागा

मध्येच वाचायला आलेल्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा. बजेट २० लाख, राहणं सांगलीत, महिन्यातून दोन-तीनदा पुणे. समोर दोन गाड्या आहेत. एक पुण्याच्या डीलरकडची २०१७ ची बीएमडब्ल्यू एक्स-वन २० डी, ५४ हजार किलोमीटर, दुसरा मालक. दुसरी मेव्हण्याच्या ओळखीतून आलेली दिल्ली पासिंगची त्याच वर्षाची ऑडी क्यू-थ्री डिझेल, तीन लाखांनी स्वस्त. कुठली घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी अशा तीन गाड्या स्वतःसाठी घेतल्यात आणि मित्र-नातेवाइकांसोबत जाऊन वीसेक तरी बघितल्यात. निम्म्याहून जास्त वेळा नमस्कार करून परत आलोय. पहिली मात्र डोळे झाकून घेतली होती. ब्रँड सांगत नाही, कारण चूक माझी होती. रंग चकाचक, लेदरचा वास, छताला मोठी काच, बायको-मुलं खूश. अकरा महिन्यांत गिअरबॉक्सचं काम, एसी कॉम्प्रेसर, चार टायर आणि पुढचं सस्पेन्शन मिळून साडेचार लाख गेले. वरून कीर्तन, आतून तमाशा! मग एकदा डॅशबोर्डचा कप्पा उपसताना जुनी बिलं सापडली. शेवटचं बिल दोन वर्षांपूर्वीचं, त्यानंतर काहीच नाही. ही बिलं मी पैसे देण्याआधी मागायला हवी होती.

या वर्गातल्या गाड्यांचा भाव सात-आठ वर्षांत निम्म्याच्याही खाली येतो, पण पार्टचा भाव उतरत नाही. तुम्ही १८ लाखांची गाडी घ्याल, पण ब्रेकच्या डिस्क, हेडलॅम्प, सेन्सर हे सगळं ४० लाखांच्या गाडीचंच लागणार. पहिला मालक बहुधा डॉक्टर, बिल्डर नाहीतर एखादी कंपनी. वॉरंटी असेपर्यंत गाडी वेळेवर सर्व्हिसला जाते. दुसरा मालक हौसेने घेतो आणि एक-दोन वर्षं नीट सांभाळतो. पुढे कधीतरी पहिलं लाखाचं कोटेशन हातात पडतं आणि तिथून "बघू पुढच्या महिन्यात" सुरू होतं. गाडी बाजारात येते ती साधारण याच वेळी. तुमच्या हाती काय लागणार हे बोधचिन्हापेक्षा आधीच्या मालकाच्या खिशावर जास्त अवलंबून असतं. म्हणून मी गाडीच्या आधी फाइल बघतो.

फाइलमध्ये बिलांच्या तारखा आणि त्यावरचे किलोमीटर ओळीने लावा. वर्षाला दहा-बारा हजार चालणारी गाडी एका वर्षी अचानक हजारच चालली असेल, तर ती कुठेतरी उभी होती किंवा मीटर मागे घेतलाय. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चासी नंबरवर पूर्ण इतिहास असतो. तो तुम्हाला थेट देणार नाहीत, पण मालकाने मागितला तर मिळतो. डीलरला म्हणा, मालकाकडून मागवून द्या. इथे टाळाटाळ झाली तर मी पुढचं काही बघतच नाही.

आता एक युक्ती, जी फार कमी लोक वापरतात. गेल्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि त्यावरचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, बघा. ती २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी वर्षागणिक चढते आणि क्लेम केला की शून्यावर येते. समजा दुसऱ्या मालकाने २०२१ ला गाडी घेतली, तर २०२५ च्या पॉलिसीत ४५ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. तिथे शून्य किंवा २० दिसलं तर मध्ये क्लेम झालाय. कशाचा, हे विचारा. बंपरचा असेल तर ठीक, पण उत्तर देताना माणूस अडखळला तर समजून जा. एनसीबी वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर ही युक्ती फसते, म्हणून पॉलिसीचं दुसरं पानही वाचा. आणि तो एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, डीलर काहीही म्हणो.

फाइल पटली तरच गाडीपाशी जा. आणि गाडी थंड हवी. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करायची नाही. जे आवाज आणि धूर दहा मिनिटांत गायब होतात, तेच आपल्याला ऐकायचे-बघायचे असतात. चावी फिरवली किंवा बटण दाबलं की इंजिन सुरू व्हायच्या आधी मीटरमधले सगळे दिवे लागायला हवेत, एअरबॅगचाही. तो लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर ठोकलेली गाडी असून तो दिवा कुणीतरी बंद करून ठेवलाय अशी शंका घ्या. मग इंजिन सुरू करा आणि इंजिनच्या मागच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय.

डिझेल एक्स-वन बघणाऱ्यांना इथे एक गोष्ट माहीत हवी. एक्स-वन हे नाव एकच असलं तरी गाड्या वेगळ्या आहेत. भारतात २०१० च्या शेवटी आलेली पहिली पिढी मुळात मागच्या चाकांवर चालणारी. त्या काळच्या बीएमडब्ल्यू डिझेलमधलं एन-४७ इंजिन टायमिंग चेनच्या (इंजिनचे व्हॉल्व्ह ताळ्यात ठेवणाऱ्या साखळीच्या) झिजेसाठी जगभर बदनाम आहे, आणि चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे कामाचा खर्च मोठा. तुम्ही बघताय ती २०१६ ला आलेली दुसरी पिढी. हिचा साचा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा, इंजिन बी-४७, आणि मागची जागा कितीतरी चांगली. चेन हिचीही मागेच आहे, पण तो जुना बदलौकिक हिच्या माथी मारू नका. ऑइल वेळेवर बदललंय ना, एवढं बिलांवरून पाहा.

क्यू-थ्रीच्या २.० टीडीआय डिझेल इंजिनाला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, ज्याला आपल्याकडे पट्टा म्हणतात. तो किलोमीटर आणि वर्षं दोन्हींवर म्हातारा होतो. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून वजा करा, वॉटर पंपासकट. गिअरबॉक्स सात गिअरचा, दोन ओल्या, म्हणजे तेलात फिरणाऱ्या, क्लचचा. लोक ज्या ड्राय क्लचच्या नावाने बोटं मोडतात तो हा नव्हे. पण याचं तेल साधारण दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं, आणि क्वाट्रोच्या (ऑडीची ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी रचना) मागच्या कपलिंगचं तेल वेगळं. ही दोन बिलं असलेली क्यू-थ्री मला आजवर दोनदाच दिसली.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावल्याशिवाय या गाड्या घेऊ नका. हजार-दोन हजारांचा ब्लूटूथवाला चालेल, पण ऑडीला व्हीसीडीएस आणि बीएमडब्ल्यूला इस्टा ही तपासणीची सॉफ्टवेअर वापरणारा स्वतंत्र मेकॅनिक सोबत नेलात तर त्याची फी वसूल होते. तो फक्त एरर वाचत नाही. जुन्या नोंदींवर त्या वेळचे किलोमीटरही असतात. मीटरवर ५४ हजार आणि एखादी नोंद ८१ हजारांची निघाली, की बोलणं संपलं. बऱ्याच बीएमडब्ल्यूंच्या चावीतही किलोमीटर साठवलेले असतात. आणि एरर कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली, हेही कळतं. तो आकडा ७ किलोमीटर असेल तर कोड तुमच्यासाठीच पुसलेत. (दोन चाव्या आहेत ना ते बघा. दुसरी चावी बनवायला गेलात की कळेल मी का म्हणतोय.)

पाण्याबद्दल सांगलीकरांना मी काय सांगावं! २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्ही पाहिलेत. जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये गाड्या तरंगत होत्या. विमा कंपन्या अशा गाड्या पूर्ण नुकसान धरून पैसे देतात आणि भंगाराच्या भावात लिलावात काढतात. त्यातल्या काही धुऊन-पुसून, आत सुगंध मारून पुन्हा बाजारात येतात, सहसा दुसऱ्याच जिल्ह्यात. तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि तळाशी मातकट रेष आहे का बघा. सीटखालच्या रुळांना गंज, बूटमधल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, कार्पेट उचलल्यावर कुबट वास, हेडलॅम्पच्या आत वाळलेले डाग. या गाड्यांचे बरेच मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड सीटखाली आणि कार्पेटखाली असतात. पाणी शिरलेली गाडी आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात रात्री अडीचला हॉर्न वाजवेल. हे मी शेजाऱ्याच्या गाडीत अनुभवलंय, झोपेसकट.

पुराचं पाणीच हवं असंही नाही. पॅनोरमिक सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून जायला नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या कचऱ्याने तुंबतात आणि पाणी छत धरणाऱ्या खांबांतून पायाशी उतरतं. सनरूफ उघडा आणि पुढच्या कोपऱ्यात अर्धी बाटली पाणी हळूहळू ओता. गाडीखाली, चाकापाशी, पडलं पाहिजे. डीलर चेहरा वाकडा करेल, करू द्या.

रंगाचं फार लांबवत नाही. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो, आकडा ३०० च्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलीय. एका दरवाज्याला रंग मारलेला असला तर गाडी टाकून द्यायचं कारण नाही, आपल्या शहरांत ते होणारच. बघायचं ते खांब, छत आणि बॉनेटखालचे एप्रन, म्हणजे चाकांच्या आतल्या बाजूचे पत्रे. तिथे वेल्डिंग दिसलं तर निघा.

टायर चारही सारखे हवेत. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ऑल-व्हील गाडीत दोन नवे, दोन घासलेले टायर असतील तर ट्रान्स्मिशनवर ताण येतो. बीएमडब्ल्यूला बहुधा रनफ्लॅट असतात. पंक्चर झालं तरी थोडं अंतर जाता येतं, पण किंमत डोळ्यात पाणी आणते, शिवाय बऱ्याचदा स्टेपनी नसते. कराडच्या पुढे रात्री टायर फाटला तर टोचन करून आणावं लागेल, हे गृहीत धरा. आणि तुमच्याकडून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे आजच फोन करून विचारा. सांगलीत राहून ही गाडी ठेवायची तर हा प्रश्न ब्रँडपेक्षा मोठा आहे.

चालवताना गाणी बंद, एसी चालू. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना धक्के येतात का, चढावर रिव्हर्स घेताना गाडी घुटमळते का ते पाहा. खराब स्पीडब्रेकरवरून मुद्दाम तिरकी घाला. पुढून खडखड आली तर सस्पेन्शनच्या आर्मचे रबरी बुश आणि माउंट गेलेत. तुमच्या पुणे फेऱ्यांमुळे एक फायदा आहे. डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, हायवेवर तापून स्वतःला साफ करतो. रोज फक्त चार किलोमीटर गावात चालवणार असतात तर मी डिझेल घेऊ नका असंच म्हटलं असतं.

आता दिल्लीची क्यू-थ्री. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन आलं आणि २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. त्यावर कोर्टात मागे-पुढे होत असतं, पण भाव पडतात ते त्या भीतीने. म्हणजे स्वस्ताई गाडी वाईट आहे म्हणूनच असते असं नाही. पण ती तीन लाखांची स्वस्ताई तुमच्या हातात पूर्ण येत नाही. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथे नवी नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स. इथे २० लाखांच्या वरच्या डिझेल गाड्यांचा दर १५ टक्के चालत आलाय, जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, तरी रक्कम लाखांत जाते. एजंटच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका, आरटीओतून काढून घ्या. त्यात गाडी आणण्याचा खर्च आणि पट्ट्याचे पैसे मिळवा, मग फरक किती उरतो ते बघा.

बाकी कागद पटकन. परिवहनच्या साइटवर कर्जाचा बोजा आणि चलन तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नकोत. नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का तेही पाहा. डीलर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी सांगत असेल तर हसून नकार द्या, तो त्याच्या नफ्यावर असतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर ५० च्या आसपासवरून ४० टक्क्यांवर आलाय, हे भाव करताना आवर्जून काढा. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या सावलीत ठरतो.

माझं मत विचाराल तर एक्स-वन, पण तिची फाइल आणि स्कॅन दोन्ही पटले तरच. १८ ला मिटवा आणि उरलेले दोन लाख वेगळ्या खात्यात टाका. पहिल्या वर्षी ते लागतीलच. फाइल नसेल तर क्यू-थ्री नको, एक्स-वनही नको. दुसरी शोधा, पुण्यात दर आठवड्याला नवी येते.

शनिवारी जाणार असाल तर डीलरला शुक्रवारी संध्याकाळीच फोन करून ठेवा, गाडी थंड पाहिजे. तरीही पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर काही बोलू नका, समोरच्या टपरीवर चहा घ्या आणि फाइल मागवा. दोन-तीन तासांत गाडी बरीच निवेल, तोवर पॉलिसीची पानं वाचून होतील.