गांजा न ओढता डोंगर फिका वाटतो

‘मॅडम, ऑफिसच्या दिवशी मला काही लागत नाही. पण कड्यावर बसून दोन कश मारले नाहीत तर डोंगर नुसता दगड वाटतो. हे व्यसन म्हणायचं का?’

मुंबईतून दर शनिवारी रात्री कसारा नाहीतर कर्जत लोकल पकडणाऱ्या मुलांकडून समुपदेशनात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. या मुलाला निखिल म्हणू. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. वय अठ्ठावीस, घर डोंबिवलीला, नोकरी ऐरोलीला. गांजाआधी चार वर्षं तो सह्याद्रीत फिरत होता. मग हिमाचलमधल्या कसोलची सहल झाली, खीरगंगेच्या वाटेवर कुणीतरी चरस दिली, समोर बर्फाचे डोंगर होते. ‘त्या दिवशी मी आणि डोंगर वेगळे उरलोच नाही,’ असं तो सांगायचा. तेच पुन्हा मिळावं म्हणून सह्याद्रीत गांजा सुरू झाला. आधी चौघांत एक रोल. वर्षभरात ट्रेकच्या दिवसाला तीन, तेही एकट्याचे. पावसाळ्यात ट्रेक रद्द झाले तेव्हा तो गच्चीवर हेडफोन लावून, जंगलाचे आवाज ऐकत ओढायला लागला. तोपर्यंत डोंगर हे कारण होतं, आता निमित्त झालं होतं.

त्याचा युक्तिवाद सरळ होता: दारू पिऊन गडावर बाटल्या फोडणाऱ्यांतला मी नाही, मी निसर्गाशी जोडला जायला ओढतो, आणि हा तर शंकराचा प्रसाद. प्रसाद चिमूटभर घेतात, त्यासाठी दर गुरुवारी कल्याणला पुडी आणायला जात नाहीत, एवढंच त्यावर म्हटलं. वाद तिथेच सोडला. नशेतला त्याचा अनुभव खोटा होता असं मी त्याला सांगितलं नाही, कारण तो खोटा नसतो. गांजातल्या टीएचसीने, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाने, लक्ष एका गोष्टीवर चिकटतं, वेळ लांबल्यासारखा वाटतो, ओळखीची गोष्ट नव्याने दिसते. शेवाळाचा एक हिरवा तुकडा वीस मिनिटं बघत बसता येतं. अडचण दुसरीकडे आहे: त्याच वेळी नवीन आठवण पक्की होण्याचं काम मंदावतं.

त्याला दोन ट्रेक आठवून लिहायला सांगितले. गांजाआधीच्या राजमाचीवर दोन पानं आली. उधेवाडीतलं पिठलं, काजव्यांनी भरलेलं झाड, अंधारात वाट चुकून झालेलं भांडण, सगळं. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर तीन ओळी, त्यातली एक ‘भारी होतं’. त्या सकाळी पहिला रोल चहाच्या आधीच झाला होता. मित्राच्या फोनमध्ये त्याच दिवशीचं इंद्रवज्र आहे, दरीतल्या धुक्यावर उमटलेलं गोल इंद्रधनुष्य, आणि फोटोच्या कडेला निखिलचा खांदा. त्याला ते आठवत नाही. तो फोटो बघून तो जेवढा गप्प झाला तेवढा माझ्या कुठल्याच बोलण्याने झाला नव्हता.

व्यसन म्हणायचं का, याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या पुस्तकात ११ खुणा दिल्या आहेत. १२ महिन्यांत त्यातल्या २ किंवा जास्त दिसल्या तर वापर त्रासदायक झाला असं धरतात. निखिलच्या चार होत्या: ठरवल्यापेक्षा जास्त ओढणं, तेवढ्याच परिणामासाठी प्रमाण वाढणं, तलफ, आणि चुलतभावाबरोबरचे ट्रेक सोडून देणं, कारण तो ओढत नाही. रोज ओढत नाही हा बचाव इथे टिकत नाही. शिवाय वारंवार वापराने मेंदूतले ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे टीएचसी जिथे चिकटून काम करतं त्या जागा, कमी होतात, आणि साध्या शुद्धीतला आनंदही उतरू शकतो. म्हणजे डोंगर फिका झाला तो याच्यामुळेही असेल. महिनाभर बंद ठेवलं की हे ग्राहक बऱ्याच अंशी पूर्ववत होतात.

धोक्याचं बोलणं त्याला कंटाळवाणं वाटलं, तरी ते केलंच. ओढल्यावर नाडी मिनिटाला २० ते ५० ठोक्यांनी वाढू शकते, आणि बसल्या जागेवरून एकदम उठलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. कड्याच्या टोकावर अर्धा तास बसून झटक्यात उभं राहणं म्हणूनच वाईट. भांग किंवा ब्राउनी त्याहून फसवी: परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो, ‘काही झालं नाही’ म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो, आणि दोन्ही मिळून घाट उतरताना चढतात, पुढे सहा-आठ तास. हिमालयात २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोकांड्या ही विरळ हवेच्या आजाराची लक्षणं असतात. तिथे ‘जास्त झाली असेल’ म्हणून हसण्यावारी नेणं जिवावर बेतू शकतं. कड्याजवळ कुणी घाबरून थरथरायला लागला तर त्याला आधी कडेपासून दूर खाली बसवा, पाणी द्या, श्वास सावकाश सोडायला लावा, एकटं सोडू नका. छातीत दुखलं तर मात्र वाट बघायची नाही, खाली उतरवून दवाखाना. कायद्याचंही एक: १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात १ किलोपर्यंतचा गांजा आणि १०० ग्रॅमपर्यंतची चरस ‘अल्प प्रमाण’ ठरते, पण अल्प म्हणजे माफ नव्हे. एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग चार आठवडे बंद. त्याच्या रोलमध्ये निम्मी सिगारेटची तंबाखू असायची, ही गोष्ट बहुतेक जण हिशेबातच धरत नाहीत. सोडल्यावरच्या चिडचिडीत निकोटिनचा वाटा मोठा असू शकतो, त्यामुळे सिगारेटही मोजून कमी करत नेली. पहिल्या आठवड्यात झोप उडाली, भूक गेली, दचकवणारी स्वप्नं पडली. हे एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर धरतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, हे आधी सांगितलेलं असल्यामुळे त्याने धीर सोडला नाही. याच काळात खरी गोष्ट बाहेर आली. रविवारी दुपारपासून त्याला सोमवारच्या मीटिंगची धास्ती सुरू व्हायची, आणि रोल ती बंद करायचा. डोंगराशी जोडलं जाणं ऑफिसपासून सुटण्यात मिसळून गेलं होतं.

चौथ्या आठवड्यात कोरडा, म्हणजे गांजाविना, ट्रेक. जागा अशी निवडली जिथे त्याने कधी ओढलं नव्हतं, कारण जुनी जागा तलफ उठवते: नेरळहून पेब, एका दिवसात परत, सोबत चुलतभाऊ. पहिली वीस मिनिटं न बोलता, नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने चालायचं. वर गेल्यावर एका जागी चाळीस मिनिटं बसायचं, फोन सॅकमध्ये. त्यातली पहिली दहा-पंधरा मिनिटं कंटाळा येतो, येऊ द्यायचा. मग ऐकू येणारे आवाज वेगवेगळे करायचे आणि एका झाडाचं नाव गावातल्या माणसाला विचारून घ्यायचं. पहिला कोरडा ट्रेक फिका जाणार, हे आधीच बजावून ठेवावं लागतं. नाहीतर तोच पुरावा ठरतो: बघा, सांगितलं होतं ना.

फिका गेलाच. दुसराही जेमतेम. तिसऱ्यानंतर तो आला तो तक्रारी घेऊन: गुडघा दुखतोय, गडावर वेफर्सची पाकिटं पडलीत, आणि पहाटे शिट्टी मारल्यासारखं गाणारा तो पक्षी कोणता? (शीळकरी कस्तूर.) माझ्या मते ही प्रगतीच, निदान गुडघा स्वतःचा आहे हे कळलं.

मित्रांना नाही म्हणायला त्याने एक काम मागून घेतलं: सगळ्यात मागे राहून कोणी सुटत नाही ना ते बघायचं. शुद्धीत राहायला कारण मिळालं, भाषण द्यावं लागलं नाही. एका मुक्कामाला मात्र त्याने दोन कश मारले, आणि पुढच्या भेटीत स्वतःहून सांगितलं.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, ओढल्यावर लोक आपल्याविषयी बोलताहेत असा संशय येत असेल, किंवा सकाळी उठल्याबरोबर लागत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस १४४१६ वर फोन करून मराठीत बोलता येतं.

येत्या मे महिन्यात जुन्याच ग्रुपबरोबर हिमाचलला जायचं चाललंय. खीरगंगा टाळायची हे निखिलने ठरवलंय, तंबूत चुलतभावाबरोबर झोपायचं हेही. मित्रांना निघण्याआधी सांगायचं की तिथे पोचल्यावर, यावर अजून आमचं एकमत नाही.