आयर्लंडमधलं तुमचं पहिलं टॉवर-हाउस बघताना

पहिल्यांदाच जाताय ना? मग ब्लार्नीच्या प्रसिद्ध किल्ल्याच्या रांगेत उभं राहण्याआधी गॉलवे परगण्यातल्या ऑटरार्डजवळचं ऑख्नानूर गाठा. ओ'फ्लाहर्टी घराण्याचा हा सहा मजली दगडी बुरूज, म्हणजेच टॉवर-हाउस. किल्ला म्हणतात खरा, पण होतं ते राहतं घरच, फक्त शेजाऱ्यांवर भरवसा नसलेलं!

अशा कुठल्याही बुरुजात शिरलात की दाराशीच थांबून वर बघा. छतात बहुधा चौकोनी भोक असतं, घुसणाऱ्यावर वरून मारा करायला. मग कमानीच्या पोटाला टॉर्च तिरका धरा. पुष्कळदा चुन्यात विणलेल्या फांद्यांचे ठसे दिसतात. कमान बांधताना खाली वेलीसारख्या लवचिक काड्यांच्या चटयांचा आधार देत, चुना सुकल्यावर त्याची छाप तशीच राही. मला तरी कोरीव खिडक्यांपेक्षा हे जास्त आवडतं. ऑख्नानूरच्या मेजवानीच्या दालनाचा मात्र बराचसा भाग खालच्या नदीने गिळलाय. उरलेल्या भिंतीतल्या खिडक्यांवर द्राक्षवेली कोरल्या आहेत, त्या चुकवू नका.

आणि एक, मेटल डिटेक्टर घरीच ठेवा. संरक्षित स्मारकावर तो परवानगीशिवाय वापरणं तिथे गुन्हा आहे. शेतात एकटा उभा असलेला पडका बुरूजही बहुधा स्मारक म्हणून नोंदलेला असतो आणि शेत खासगी असतं, तेव्हा आधी मालकाला विचारा. भिंतीवरची आयव्हीची वेल ओढू नका, सोबत दगडही येतो.

बूट मात्र चांगले घाला. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या असतात.