हात फोनकडे नेमका कधी जातो?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत : अभ्यासाला बसतो, पण फोन बसू देत नाही. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. सकाळी ७ वाजता अभ्यासिकेत येतो आणि रात्री १० ला खोलीवर परततो. फोन सायलेंट करून टेबलावर उलटा ठेवतो, तरीही दिवसाअखेर पाहिले तर जवळपास ५ तास फोनवर गेलेले असतात. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून उत्तरलेखनाचा सराव करायला बसलो की दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. माझा मनोनिग्रह कमी पडतो आहे का?

उत्तर : मनोनिग्रह हा शब्द तूर्त बाजूला ठेवू, कारण त्याने फक्त अपराधी वाटते आणि अपराधी वाटले की माणूस पुन्हा फोनच उचलतो. प्रथम त्या उलट्या ठेवलेल्या फोनकडे पाहू. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अॅड्रियन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना फोन टेबलावर उलटा ठेवायला, काहींना खिशात किंवा बॅगेत ठेवायला आणि काहींना बाहेरच्या खोलीत ठेवून यायला सांगितले होते. सगळे फोन सायलेंट होते. तरीही एकाग्रतेच्या चाचण्यांत बाहेर फोन ठेवून आलेल्यांची कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी दिसला नाही, म्हणून मी त्यावर सगळी भिस्त ठेवत नाही. पण एवढे तर कोणताही प्रयोग न करता समजते, की उचलण्यासाठी उठून जिना उतरावा लागणारा फोन आणि नुसता हात लांबवून मिळणारा फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आता माझी एक विनंती. पुढचे तीन दिवस काहीही सुधारू नका, फक्त नोंद ठेवा. हात फोनकडे गेला की वहीच्या समासात एक टिंब द्या आणि त्या क्षणी तुम्ही नेमके काय करत होता ते दोन शब्दांत लिहा. हे मी स्वतः करून पाहिले आहे. या सदराचा मजकूर लिहिताना एका सकाळी समासात सात टिंबे पडली आणि त्यांतील पाच अशा ठिकाणी होती, जिथे पुढचे वाक्य काय असावे याचा निर्णय घ्यायचा होता. ज्याचे उत्तर मला आधीपासून ठाऊक होते, ते लिहीत असताना फोनची आठवणही झाली नाही. तुमचेही बहुधा असेच निघेल. बहुपर्यायी प्रश्न सोडवताना हात फारसा जात नसेल, पण कोऱ्या पानावर पहिले वाक्य लिहायची वेळ आली की जात असेल. म्हणजे फोन तुम्हाला अभ्यासातून ओढून नेत नाही. अभ्यास जिथे अडतो तिथून सुटायला तो सर्वांत जवळचा दरवाजा असतो.

असे असेल तर उपाय थोडा वेगळ्या जागी शोधावा लागतो. उद्या सकाळी लिहायचा प्रश्न आज रात्रीच कागदावर उतरवून ठेवा आणि त्याखाली मुद्द्यांचे चार-पाच शब्द व पहिले वाक्य, कच्चे का होईना, लिहून ठेवा. सकाळी पान कोरे नसते, म्हणून अडण्याची पहिली जागाच उरत नाही. दुसरी अडण्याची जागा शंकेची. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा की २५ चा, अशी शंका येते, ती पाहायला फोन हाती घेतला जातो, तारीख २४ असल्याचे दहा सेकंदांत कळते आणि पुढची चाळीस मिनिटे येरवड्याशी कसलाही संबंध नसलेल्या गोष्टी पाहण्यात जातात. अशा शंका एका चिठ्ठीवर लिहीत जा आणि दुपारी दीडला सगळ्या एकदम पाहा. त्यांतील निम्म्या शंका तोवर पुस्तकातच फिटलेल्या असतात, हेही तुमच्या लक्षात येईल.

‘एकच मिनिट बघतो’ या हिशेबातही खोट आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे लक्ष काही काळ पहिल्या कामातच रेंगाळत राहते आणि दुसरे काम त्यामुळे कच्चे होते. मित्राचा अर्धवट वाचलेला संदेश घेऊन तुम्ही पंचायत राज व्यवस्थेकडे परतता, तेव्हा डोळे पानावर असतात आणि मन त्या मित्राला उत्तर जुळवत असते.

फोन ठेवायचा कुठे? अभ्यासिकेत पुस्तकांसाठी कप्पा असेल तर तिथे कुलूप लावून ठेवा आणि किल्ली शेजारी बसणाऱ्या मित्राकडे द्या. त्याची तुम्ही घ्या. मनगटी घड्याळ वापरायला सुरुवात करा, कारण वेळ पाहायला उचललेला फोन वेळ पाहून खाली ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. चहाला जाताना फोन कप्प्यातच राहू द्या. तुमच्या पेठेतल्या अमृततुल्यासमोर एका हातात कप आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभी असलेली मुले मी नेहमी पाहतो. ती दहा मिनिटे त्यांना विश्रांती वाटते, पण डोळे आणि लक्ष यांना तेव्हाही तेच काम चालू असते, त्यामुळे परतताना ती गेली होती त्याहून अधिक थकलेली असतात. शेवटी, ५ तासांच्या आकड्याकडे रोज पाहून खंत करू नका. अँड्रॉइड फोनमधील डिजिटल वेलबीइंगमध्ये दिवसभरात फोन किती वेळा अनलॉक केला तेही दिसते. मला तो आकडा अधिक बोलका वाटतो. घरी बोलण्यात आणि रात्री एखादा चित्रपट पाहण्यात गेलेले दोन तास अभ्यासाचे तुकडे करत नाहीत. नव्वद वेळा उघडलेला फोन करतो.

प्रश्न : मी लातूरची. मुलगी बारावीत आहे आणि नीटची तयारी करते. क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, वेळापत्रकातील बदल, सारे व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामवर येते. फोन काढून घेतला तर ‘नोट्स त्यातच आहेत’ म्हणते, आणि ते खरेही आहे. फोन दिला तर अर्ध्या तासाने ती काय पाहते आहे ते सांगता येत नाही. रोज भांडण होते. काय करावे?

उत्तर : मुलगी खरे बोलते आहे हे तुम्ही मान्य केले, हे फार बरे झाले. बहुतेक घरांत भांडण तिथेच अडते. अडचण अशी, की वही आणि जत्रा दोन्ही एकाच यंत्रात आली आहेत. तेव्हा फोन द्यायचा की घ्यायचा हा वाद सोडून वही त्यातून जितकी बाहेर काढता येईल तितकी काढावी. आठवड्यातून एकदा नोट्स आणि प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. खर्च होईल, पण क्लासची फी भरणाऱ्या घराला तो जड जाऊ नये. नीटची परीक्षा अजूनही कागदावर होते, १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे असतात आणि उत्तरपत्रिकेवरील गोळे पेनाने भरायचे असतात. मग सरावही तीन तास सलग, कागदावर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच व्हायला हवा. वेळापत्रकाच्या संदेशांसाठी क्लासच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर घालायला सांगा आणि रात्री जेवताना दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक तिला तुम्हीच सांगा. म्हणजे ‘ग्रुप बघते’ हे कारण आपोआप मिटते.

व्हिडिओ व्याख्यानांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे पालकांची नजर चुकते. मुलगी रील पाहत नाही, भौतिकशास्त्राचे व्याख्यान पाहते आहे, म्हणजे अभ्यास चालू आहे असे आपण समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधील एक प्रयोग येथे आठवतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. व्याख्यान नुसते ऐकत राहिल्यानेही तशीच कळल्याची भावना येते आणि ती चार दिवसांत विरते. म्हणून व्याख्यान शक्यतो टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर लावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबवा आणि तिला पडद्याकडे न पाहता वहीत काय आठवते ते लिहू द्या. जे आठवणार नाही तेवढेच पुन्हा लावा. अशा रीतीने एका तासाच्या व्याख्यानाला पावणेदोन तास लागतील, ते लागू द्या. दिवसाला पाच व्याख्याने संपवल्याचे समाधान मात्र सोडावे लागेल, आणि मुलीपेक्षा पालकांनाच ते अधिक अवघड जाते.

फोन रात्री कुठे राहील हे एकदाच, शांतपणे, सर्वांसाठी ठरवा. तुमच्या घरातले सगळे फोन रात्री १० नंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला लागत असतील, तर तिचाही लागेल. फक्त तिचाच लागावा अशी अपेक्षा असेल, तर मात्र रोजचे भांडण मी थांबवू शकत नाही.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. लक्ष विचलित करणारी अॅप्स बंद ठेवणारे सर्वांत चांगले अॅप कोणते?

उत्तर : निराळे अॅप घ्यायची गरज नाही. अँड्रॉइडमध्ये फोकस मोड आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, आणि दोन्हींत पडदा कृष्णधवल करता येतो. स्क्रीन टाइमचा पासकोड खोलीतल्या मित्राकडून घालून घ्या, कारण स्वतः लावलेल्या कुलपाची किल्ली स्वतःच्याच खिशात असली की तिसऱ्या दिवशी कुलूप निघते. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो नावाची पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर सुरू केली. इटालियन भाषेत पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. त्या घड्याळाला पडदा नव्हता. आज तीच पद्धत पाळण्यासाठी मुले फोनवर अॅप उतरवतात, सहा अॅप्सची तुलना करण्यात संध्याकाळ घालवतात आणि अभ्यासाला सोमवारपासून सुरुवात करायचे ठरवतात. भांड्यांच्या दुकानात साधे टायमर मिळते, ते घ्या.

प्रश्न : मी चिपळूणला राहतो आणि दहावीत आहे. माझ्याकडे फोन नाही. आमची एकच खोली आहे. रात्री ८ वाजता बाबा कामावरून येतात आणि मोठ्या आवाजात रील्स बघतात, आजी मालिका बघते. मला गणित सुचत नाही. बाबांना कसे सांगू?

उत्तर : बाळा, या महिन्याच्या सगळ्या पत्रांत तुझे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण फोनमुळे लक्ष उडते ते फोन हातात असलेल्याचेच, असे आम्ही मोठी माणसे धरून चालतो. तुला एका गावाची गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद ठेवायचे, साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की सुरू करायचे, असे गावाने ठरवले. त्या वेळेत मुलांनी अभ्यास करावा हा हेतू होता. पण मोठ्यांचे पडदे चालू राहिले तर मुलांचा अभ्यास होणार नाही, हे त्या गावाने ओळखले आणि नियम सगळ्यांना लावला, हे मला त्यात विशेष वाटते.

तुझ्या खोलीत भोंगा नाही, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला ‘मोबाईल बंद करा’ असे सांगितले तर ते लागणारच. म्हणून बंद करायला सांगू नकोस, वेळ माग. ‘बाबा, आठ ते नऊ मला गणितासाठी द्याल का? नऊनंतर तुम्ही खुशाल बघा,’ इतकेच म्हण. त्यांना काहीतरी कामही दे. इतिहासाचे किंवा विज्ञानाचे पुस्तक त्यांच्या हातात देऊन दहा प्रश्न विचारायला सांग; उत्तरे पुस्तकात असतात, त्यामुळे त्यांना विषय यायलाच हवा असे नाही. ज्या दिवशी ते फारच थकलेले असतील, त्या दिवशी त्यांनी हेडफोन लावला तरी चालेल, तेही त्यांना सांग. आजीची मालिका अर्धा तास चालते, तेवढ्या वेळात तू जेवून घे, तिच्याशी वाद नको. गणिताचे अवघड भाग पहाटेसाठी ठेव आणि रात्री आकृत्या, नकाशे, व्याख्या असे थोड्या गडबडीतही होणारे काम कर. शाळा सुटल्यावर तासभर वर्गात बसू देतात का, ते वर्गशिक्षकांना विचारून पाहा.

हा अंक बाबांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव. दाखवलास तर रात्री आठला नको, सकाळी ते चहा पीत असतील तेव्हा दाखव.