दीड वर्षानंतर पुन्हा सुरुवात करायची असेल तर

तुम्ही म्हणता की कामाच्या रगाड्यात गेलं दीड वर्ष ना धड सिनेमा पाहिला, ना एखादं पुस्तक पुरं केलं. आता वेळ आहे, पण वीस मिनिटांत हात आपसूक फोनकडे जातो. तेव्हा अलीकडचं मोजकंच काही सुचवा, लांबलचक यादी नको. सुचवतो. पण माझा एक आग्रह आहे: सिनेमाने सुरुवात करू नका, आधी ऐका. एका मोठ्या आजारपणानंतर माझंही असंच झालं होतं. पान संपेपर्यंत वरची ओळ आठवत नसे. तेव्हा मन थाऱ्यावर आलं ते संगीतामुळे, वाचन मागाहून जमलं.

त्या दिवसांत मला सापडलेला अल्बम म्हणजे ‘प्रॉमिसेस’ (2021). फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा सॅम शेफर्ड, जाझमधले बुजुर्ग सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा अशी तिघांची ही गाठ. नऊ भाग, साधारण 46 मिनिटं, आणि जवळजवळ सगळा डोलारा एका छोट्याशा सुरावटीवर उभा. ती परत परत येते. पहिली पाच मिनिटं वाटतं, एवढंच आहे का? थांबा. बंदिशीचा मुखडा जसा दर फेरीला थोडा वेगळा वाटू लागतो, तसंच इथे होतं. सुरावट तीच असते, आपलं ऐकणं बदलत जातं. चौथ्या भागात सँडर्स सॅक्सोफोन बाजूला ठेवून नुसत्या आवाजाने काहीतरी पुटपुटतात. शब्द नाहीत, म्हातारा माणूस स्वतःशीच बोलावा तसं. अल्बम आला तेव्हा ते ऐंशीचे होते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2022 मध्ये, ते गेले. शेवटाकडे सगळं थांबतं. संपलं समजून उठू नका, तंतुवाद्यं अजून यायची आहेत. ती शांतता फोनला हात न लावता काढता आली की पुढचं सगळं सोपं जाईल.

हे मोठं वाटलं तर र्‍युइची साकामोटो या जपानी संगीतकाराचा ‘12’ (जानेवारी 2023) घ्या. कर्करोगाशी झुंजत असताना त्याने रोजनिशी लिहावी तसे हे तुकडे रचले. शीर्षकांच्या जागी तारखा आहेत. पियानो वाजतो तेव्हा मागे त्याचा श्वास ऐकू येतो, जड, थकलेला. तो पुसून टाकणं सहज शक्य होतं, पण त्याने राहू दिला. मला तो श्वासच त्या अल्बमचा गाभा वाटतो. मात्र मन आधीच खचलेलं असेल तर इतक्यात नको.

पुस्तकांत पहिलं नाव सामंथा हार्वीच्या ‘ऑर्बिटल’चं (2023). याला 2024 चं बुकर मिळालं. आकाराने लहान कादंबरी आहे, दीडशे पानांच्या आतली. अंतराळस्थानकात सहा माणसं, एकच दिवस, आणि त्या एका दिवसात पृथ्वीभोवती 16 फेऱ्या. ‘पुढे काय होतं’ या ओढीने वाचाल तर हाती काही लागणार नाही. खाली प्रशांत महासागरावर वादळ मोठं होत चाललंय, ते वरून सगळ्यांना दिसतंय आणि कोणीच काही करू शकत नाही. चिए या जपानी अंतराळवीराला आई गेल्याचं वर असतानाच कळतं. परतण्याचा प्रश्नच नसतो, ती फेऱ्या मारत राहते. मी हे पुस्तक एका बैठकीला दोनच फेऱ्या असं वाचलं. तुम्हीही तसंच वाचा, आणि जमलं तर थोडं मोठ्याने. वाक्यांना चाल आहे, ती डोळ्यांनी पटकन कळत नाही.

दुसरं पुस्तक बानू मुश्ताक यांच्या बारा कन्नड कथांचं, ‘हार्ट लॅम्प’. दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाला 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि ते योग्यच होतं. अनुवादात कन्नड, उर्दू शब्द तिरप्या अक्षरांत वेगळे काढलेले नाहीत, तळटिपाही नाहीत. इंग्रजी वाचताना शेजारच्या भाषेतला बायकांचा बोलण्याचा सूर कानावर येत राहतो. दिवसाला एकच कथा वाचा. सलग वाचल्या तर दुःख एकसारखं वाटू लागतं, आणि तो त्या बायकांवर अन्याय होईल.

आता सिनेमे. ‘फ्लो’ (2024) हा लाटव्हियाचा ॲनिमेशनपट आधी बघा. पूर आलाय, एक मांजर आणि काही प्राणी एका नावेत, आणि संवाद एकही नाही. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपीबाराला (हा गिनीपिगसारखा पण मोठा प्राणी) तेवढा उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, कारण खऱ्या कॅपीबाराचा आवाज शोभेना.

त्यानंतर पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ (2024). यात मुंबई आहे, पाऊस आहे, पण मला राहून राहून आठवतो तो राईस कुकर. परदेशी गेलेल्या, फोनही न करणाऱ्या नवऱ्याकडून आला असावा असा. एका रात्री नायिका प्रभा जमिनीवर बसून तो कुशीत घेते. संवाद नाही, रडणं नाही. कनी कुसृतीने तो प्रसंग ज्या संयमाने केलाय, त्याला तोड नाही. मधूनमधून वाजणारा पियानो एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या इथिओपियन जोगिणीचा आहे. सिनेमा आवडला तर तिचं वादन स्वतंत्र ऐकाच.

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (2023) सगळ्यात शेवटी ठेवा. नाझींच्या ऑशविट्झ छावणीच्या कमांडंटचं घर, बायकोने जीव लावून वाढवलेली बाग, आणि बागेच्या भिंतीपलीकडे छळछावणी. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर छावणीच्या आतले अत्याचार दाखवतच नाही. ते फक्त ऐकू येतात. मुलं खेळतात, फुलांना पाणी घातलं जातं, आणि मागे भट्टीची घरघर, गोळ्या, किंकाळ्या. सर्वोत्कृष्ट ध्वनीचं ऑस्कर याला मिळालं. सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहतो, तेव्हा काही बिघडलं समजून पुढे ढकलू नका. तो वेळ कान तयार व्हावेत म्हणूनच आहे. चांगले हेडफोन लावा, एकटे बघा, आणि त्या रात्री दुसरं काही लावू नका.