जुनी वाइड-अँगल लेन्स आणि तांबेकर वाड्याची भिंत

प्रश्न : निकॉनची २४ मिमी एफ/२.८ ही काकांची जुनी, हाताने फोकस करायची लेन्स मी अ‍ॅडॉप्टर (जोडकडे) लावून सोनीच्या एपीएस-सी, म्हणजे फिल्म-चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या, मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची भित्तिचित्रे टिपताना भिंत चौकटीत मावत नाही, कडा पुसट येतात आणि लेन्सवरील अंतराचे आकडेही जुळत नाहीत. लेन्स बिघडली आहे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून लेन्सला दोष द्यावा असे मला वाटत नाही. भिंत न मावण्याचे कारण तर सरळ आहे. ही लेन्स ३६ मिमी रुंदीच्या फिल्म-चौकटीसाठी घडवलेली असून आपला सेन्सर जेमतेम २३.५ मिमी रुंद आहे. त्यामुळे दोन मीटरवरून फिल्मवर जिथे तीन मीटर भिंत आली असती, तिथे आपल्याला दोनच मीटर मिळते. मागे सरकायला जागा नसेल, तर भिंतीला समांतर सरकत तुकड्यातुकड्यांनी छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर जोडावीत. केवळ यासाठी फुल-फ्रेम (फिल्म-चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा विकत घेण्यापेक्षा मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण चित्रांतले बारकावेही त्यात अधिक उतरतात.

कडांचे कोडे अधिक रंजक आहे. लहान सेन्सर लेन्सच्या प्रतिमेचा मधलाच भाग वापरतो, म्हणजे कडा उलट चांगल्या यायला हव्यात. त्या येत नाहीत, म्हणून माझा संशय अ‍ॅडॉप्टरवर जातो. निकॉनच्या एफ माउंटपासून (लेन्स बसवायच्या कडीपासून) फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी, तर सोनीच्या ई माउंटपासून सेन्सरपर्यंतचे १८ मिमी, तेव्हा अ‍ॅडॉप्टर नेमका २८.५ मिमी जाडीचा असायला हवा. दूरचा फोकस हमखास मिळावा म्हणून स्वस्त अ‍ॅडॉप्टर बरेचदा मुद्दामच किंचित पातळ ठेवलेले असतात, आणि २४ मिमीच्या लेन्सला एक दशांश मिमीचा फरकही इतका जाणवतो की, अनंताच्या खुणेवर स्पष्ट दिसायला हवे ते दृश्य पावणेसहा मीटरच्या खुणेच्या आसपासच स्पष्ट होते. आपले आकडे जुळत नाहीत ते यामुळेच. एकाच बाजूची कड पुसट येत असेल, तर अ‍ॅडॉप्टर तिरका बसतो आहे असे समजावे व तो बदलावा.

दोन्ही कडा सारख्याच पुसट येत असतील, तर अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ/८ वर आणून, त्याच अ‍ॅपर्चरवर पडद्यावरील प्रतिमा मोठी करून, चौकटीच्या मध्यावर न करता मध्य आणि कड यांच्या दरम्यान फोकस करून पाहावा; जुन्या वाइड-अँगल लेन्सचा फोकस सपाट भिंतीवर सर्वत्र एकसारखा बसत नाही. कॅमेरा भिंतीला काटेकोर समांतर धरावा. तिपाई हवी असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी. फ्लॅश मात्र चित्रांच्या जवळपासही नेऊ नये. कॅमेऱ्यात अंगभूत स्थिरीकरण (हात हलल्याने येणारा पुसटपणा टाळणारी सोय) असेल, तर त्यात लेन्सच्या नाभीय अंतरासाठी, लहान सेन्सरच्या हिशेबाने येणारा ३६ नव्हे, लेन्सवरचा २४ हाच आकडा भरावा.