'बॉश' सिरियलमधलं मुसो अँड फ्रँक हॉटेल खरं आहे का? शाकाहारी माणसाने तिथे जावं का?

हो, अगदी खरं आहे, सेट नाहीये तो. लॉस एंजेलिसला हॉलिवूड बुलेव्हार्डवर १९१९ पासून चालू आहे. मी ठाण्याचा, पाचपाखाडीत राहतो. बहीण तिकडे असते, आईला घेऊन तिच्याकडे गेलो होतो आणि बॉश, म्हणजे लॉस एंजेलिसच्या पोलीस डिटेक्टिव्हची ती सिरियल, तिचे सातही सीझन दोनदा बघून झालेले, त्यामुळे एक संध्याकाळ मी आधीच तिथली ठरवून टाकलेली.

मला वाटायचं की तो अंधार, ते पिवळट दिवे क्राईम सिरियल म्हणून मुद्दाम केलेत. पण तसं काही नाही हो, आत पाऊल टाकलं की तोच अंधार, काळपट लाकूड, लाल लेदरच्या बैठका आणि आखूड लाल कोट घातलेले वेटर. चार्ली चॅप्लिन इथे जेवायचा, डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा रेमंड चँडलर इथे येऊन बसायचा. म्हणजे डिटेक्टिव्हच्या गोष्टी लिहिणारेच इथले गिऱ्हाईक होते, मग मायकल कॉनेलीच्या कादंबऱ्यांतला डिटेक्टिव्ह हॅरी बॉश आणखी कुठे जाणार.

आईचे गुडघे दुखतात, तिला त्या खोल बैठकीत शिरता येईना. आमचा वेटर, साठीच्या पुढचा असेल, काही न बोलता टेबल सरकवलं, ती नीट बसल्यावर परत जागेवर लावलं, मग मेनू तिच्याच हातात आधी दिला. तेवढ्यासाठी मी परत जाईन. शेजारच्या टेबलावर मार्टिनी आली ती पण बघण्यासारखी, ग्लास अगदी छोटा आणि उरलेली दारू एका बुटक्या काचेच्या सुरईत, ती सुरई बर्फात रोवलेली, म्हणजे शेवटचा घोटसुद्धा गार.

आता जेवणाचं. मुळात हे स्टेक, चॉप्सवाल्यांचं ठिकाण. शाकाहारी असाल तर फेटुचिनी आल्फ्रेडो मागवा, लोणी आणि चीजमधला पास्ता. मूकपटांच्या काळातले स्टार मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांनी रोमहून ही रेसिपी आणून दिली असं हॉटेलवाले सांगतात. पण तुम्ही अगदी काटेकोर शाकाहारी असाल तर नीट ऐका, अस्सल इटालियन पार्मेसान चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, आमची आई ते कळल्यावर पास्त्याला शिवली नाही. ब्रेड, लोणी, सॅलड आणि बटाट्यावर तिचं झालं, तक्रार मात्र एक नाही. उलट म्हणाली, मामलेदारच्या मिसळीला कसं, लोक चव बदलू नका म्हणूनच रांग लावतात, इथे पण तसंच दिसतंय. मला ते शंभर टक्के पटलं.

स्वस्त अजिबात नाही, रुपयात हिशोब करत बसू नका. सोमवारी बंद असतं, बुकिंग आधी करा आणि दोघंच असाल तर जुन्या खोलीतला काउंटर मागून घ्या, तिथे ग्रिल समोरच आहे.