चेतापेशीच्या तंतूला वाट कोण दाखवते?

आपण विचारले आहे की, चेतापेशीच्या वाढीला प्रथिनांच्या परस्परक्रियांमधून दिशा मिळते असे म्हणतात, तर एखादे प्रथिन ‘इकडे ये’ किंवा ‘तिकडे जाऊ नकोस’ हे सांगते तरी कसे? माझ्या समजुतीप्रमाणे एकटे प्रथिन असे काहीच सांगत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील कोणत्या ग्राही प्रथिनाशी त्याची गाठ पडते, यावर सारे ठरते.

भ्रूणाच्या मेरुरज्जूत पाठीकडच्या भागात असलेल्या काही चेतापेशींचे अक्षतंतू (पेशीतून निघणारे लांब धागे) पोटाच्या बाजूला उतरतात, शरीराची मधली रेषा ओलांडतात आणि पुन्हा कधीच माघारी फिरत नाहीत. अशा तंतूच्या टोकाशी सतत चाचपडणारा, बोटे फुटल्यासारखा एक पसरट भाग असतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात पाहिला व त्याला ‘ग्रोथ कोन’ हे नाव पडले. मेरुरज्जूतून स्रवणारे नेट्रिन हे प्रथिन या टोकावरील डीसीसी नावाच्या ग्राहीला जोडले गेले की ग्राहीचे रेणू एकत्र येतात, त्यांच्या पेशीच्या आतील शेपट्यांभोवती इतर प्रथिने जमतात आणि त्या बाजूचे ॲक्टिन या प्रथिनाचे, पेशीला आकार देणारे धागे वाढून टोक तिकडे सरकते. मात्र त्याच टोकावर डीसीसीच्या जोडीला अन्क-५ हा ग्राही असेल, तर तेच नेट्रिन त्याला दूर लोटते. (१९९४ मध्ये चेताशास्त्रज्ञ टेसिए-लाविन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणांच्या मेंदूंपासून ते वेगळे केले, तेव्हा संस्कृतातील ‘नेतृ’ म्हणजे वाट दाखवणारा या शब्दावरून त्याचे नाव ठेवले.)

मध्यरेषेवरील पेशींचे नेट्रिन दुरून तंतूंना ओढते, असे चित्र अनेक वर्षे मांडले जात असे. परंतु २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत तेथील नेट्रिन काढून टाकले तरी बहुतेक तंतू ओलांडून गेले, आणि वाटेवरच चिकटून असलेल्या नेट्रिनचे महत्त्व लक्षात आले.

खरी गंमत पुढे आहे. नेट्रिनच्या मदतीने तंतू मध्यरेषेपर्यंत पोहोचतात, तर ते तिथेच का रेंगाळत नाहीत? कारण मध्यरेषेवरील पेशी स्लिट हे दूर लोटणारे प्रथिनही सोडतात व त्याचा ग्राही रोबो आहे. फळमाशीत ओलांडण्यापूर्वी कॉमिशरलेस हे प्रथिन रोबोला पृष्ठभागावर पोहोचूच देत नाही, त्यामुळे तंतूला स्लिट जणू जाणवत नाही. पलीकडे गेल्यावर हा अडसर दूर होतो, रोबो पृष्ठभागावर येतो आणि परतीची वाट बंद होते. रोबो नसलेल्या माशीत तंतू मध्यरेषेभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात, म्हणूनच त्या जनुकाला ‘राउंडअबाउट’, म्हणजे रस्त्यावरचे वाहतूक-वर्तुळ, असे नाव मिळाले. शिवाय बेडकाच्या चेतापेशींवरील प्रयोगांत स्लिटने जागा झालेला रोबो पेशीच्या आत थेट डीसीसीलाच बिलगून नेट्रिनचे आकर्षण निष्प्रभ करतो, असे दिसले. मला हा तपशील सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण येथे दोन ग्राहीच एकमेकांशी जोडले जाऊन निर्णय बदलतात.

तंतूंचे हे ओलांडणे बिघडले की काय होते, याचे पुरावे माणसातही आहेत. रोबोच्याच कुटुंबातील रोबो-३ च्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या व्यक्तींना डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि त्यांचा कणा वाकत जातो. डीसीसीच्या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या काही जणांमध्ये उजव्या हाताने शर्टाचे बटण लावताना डाव्या हाताची बोटेही नकळत तशीच हलतात.